पाठमोरा पोशाख

आमच्या घोडेगावात सदूभाऊ शिंप्याकडे कपडे शिवायचे, तर आधी चालून दाखवावं लागतं. "दोन फेऱ्या मारा, गुरुजी. आधी बघू, मंग कापू." शाळेतून निवृत्त झाल्यावर भर रस्त्यात फेऱ्या मारून मी पायजमा शिवून घेतला आहे. एकदा चिडलो, तर म्हणाले, "पायजमा काय नुसता उभं ऱ्हायला घालता व्हय?"

माणूस मूळचा तळेघरकडचा, भाताच्या मुलखातला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक लेक, कविता, पुण्यात यंत्रांवर संगीत वाजवते. म्हणजे नेमकं काय करते, हे सदूभाऊंना कळत नाही आणि ते मला विचारतात. म्हणजे सगळा आनंदच.

गेल्या महिन्यात कविताचा फोन आला. तिचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला होता आणि पोशाख आप्पांनीच शिवावा, असं तिचं म्हणणं. शाळेच्या गणवेशानंतर पोरीनं बापाला सांगितलेला हा पहिलाच कपडा. सदूभाऊ हरखले, पण माझ्याकडे आले ते गोंधळूनच.

"ती म्हणती, स्टेजवर मी मी दिसायला नको. मंग कोण दिसायला पायजे?"

"दुसरंच कुणीतरी," मी म्हणालो.

"कोण?"



पहिल्यांदा त्यांनी शर्यतीच्या बैलाच्या झुलीसारखा झगा शिवला. फोटो बघून कविता म्हणाली, छान आहे, पण नको. शेवटी त्यांनी तिच्या वाजवण्याचा व्हिडिओ मागवला. मैत्रिणीनं तिच्या मागे उभं राहून काढलेला तो व्हिडिओ आम्ही दोघांनी दुकानात बसून पाहिला. अर्धा तास पोरगी टेबलावर वाकून बटणं फिरवत होती. गाणं सुरू कधी होतंय याची मी वाट पाहत होतो, तोवर ते संपलं.

सदूभाऊंचा चेहरा मात्र उजळला. "ही तर भाताची आवणी करती की. वाकल्याली बाई पाठीकडूनच दिसती."

आवणीच्या, म्हणजे रोपं लावण्याच्या वेळी पावसात डोक्यावरून पाठीवर इरलं घेतात, त्या आकाराचा काळा झगा त्यांनी आठ दिवस खपून शिवला. पाठीवर आरसे, टिकल्या, दिव्यांच्या माळा. डोक्यावरून ओढला की आतलं माणूस ओळखू येत नव्हतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कविता आली. झगा घातला आणि आरशासमोर उभी राहिली. पुढून तो शाळेतल्या फळ्यासारखा कोरा होता.

"आप्पा, लोक माझ्या समोर असतात."

सदूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे. उसवून पुन्हा शिवायला वेळ नव्हता.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "तू आली की लगीच जाती. एष्टीत चढताना मागून बघतो तुला, तेवडीच लई ध्यानात ऱ्हाती. तीच बाजू जमली."

कवितानं झग्याच्या बाह्या ओढून नीट केल्या.

"टेबल फिरवून घेते मी," ती म्हणाली. "लोकांकडं पाठ करून वाजवते."

"आन् तोंड कुणाकडं?"

"स्टेजवर मागच्या बाजूला एक खुर्ची टाकायला सांगते. तिथं तुम्ही बसा."

सदूभाऊंना काही कळेना. "किती वेळ?"

"दीड तास."

ते माझ्याकडे वळले. "गुरुजी, दीड तास तिच्या समोर बसायचंय. मी काय घालू?"