वर्तककाकांचं बेट

एका सोमवारी वर्तककाकांनी ऑफिसात पेढे वाटले. मुलीला बाळ झालं असेल म्हणून मी अभिनंदन केलं, तर म्हणाले, "छे गं, क्रेन आली!" हिंदी महासागरातल्या एका चिमुकल्या बेटाच्या बंदरात नवी क्रेन उतरली होती. तिचे पेढे, खास शारजातल्या रोल्ला बाजारातून आणलेले.

दुबईतल्या आमच्या सल्लागार कंपनीत काका त्या बेटाची अर्थव्यवस्था 'सांभाळत'. शब्द त्यांचाच. काम एवढंच, की तिथे कोण कशात भांडवल घालतंय याचा अहवाल लिहायचा. पण बेटावर पाणी गोडं करणारं यंत्र बसलं की काका दिवसभर शीळ घालत, आणि बोटी दुरुस्त करणारा कारखाना बंद पडला की डबा न उघडता घरी. ते स्वतः तिथे कधी गेले नव्हते. "गेलो की हॉटेलंच दाखवतील लेकाचे!"

आम्ही शारजात एकाच इमारतीत राहायचो, माझ्या मुलीला वाटेत शाळेत सोडून त्यांच्याच गाडीतून ऑफिसला जायचो. ट्रॅफिकमध्ये स्टिअरिंगवर थाप मारून ते ओरडत, "गुंतवणूक वाढली म्हणू नका. कशात वाढली ते बोला!" मागून माझी मुलगी विचारायची, "आई, इज अंकल अँग्री?"

मग बेटावर परदेशी लोकांसाठी समुद्रकाठी बंगले उठू लागले. गुंतवणुकीचा आलेख सरळ वर गेला. काकांनी अहवालात दोन रकाने पाडले : 'बेटाच्या कामाचं' आणि 'कुलूपबंद'. आमचा क्लायंट नेमका बंगले विकणारा.

"वर्तकजी, दूसरा कॉलम निकाल दीजिए," बॉस मीटिंगमध्ये म्हणाला. "ग्रोथ तो ग्रोथ है."

"नहीं निकालूँगा."

"क्लायंट नाराज होगा."

"होने दो, हबीबी. उन बंगलों में साल में आठ दिन बत्ती जलती है. क्रेन रोज लोगों को रोटी देती है. दोनों एक कॉलम में? मेरे हाथ से नहीं होगा. खलास!"

बॉसने रकाना काढला. काकांनी अहवालावरून स्वतःचं नाव काढलं. दोन दिवसांनी त्यांच्याकडे राजीनामा मागितला गेला.

"देणार नाही," काका म्हणाले. "माझं काही चुकलेलं नाही. काढायचं तर तुम्ही काढा."

काढलं. नोकरीबरोबर व्हिसाही संपणार होता. सव्वीस वर्षांनी देश सोडायचा होता.

सामान बांधायला मी त्यांच्याकडे गेले. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "आता पुण्यात मजेत राहा, काका. बाणेरला फ्लॅट आहेच की तुमचा."

खोक्यावर टेप लावता लावता ते थांबले.

"आहे. घेतल्यापासून कुलूप आहे त्याला. रिटायर झालो की तुझी सुमनकाकू आणि मी राहणार होतो. ती गेली, मग मी किल्ली वॉचमनकडे देऊन टाकली. एक रात्र झोपलो नाहीये तिथे."

काकांनी आणखी दोन खोकी बंद केली. मग माझ्याकडे न बघता, नेहमीच्याच रागीट आवाजात म्हणाले, "रजा शिल्लक आहे ना तुझी? मुलीला घेऊन चार दिवस चल माझ्याबरोबर. पहिल्यांदा दार उघडताना जरा गलका पाहिजे घरात."

मी तिथेच फोनवर तिकिटं बघायला लागले.

"सीटा एकाच रांगेत बघ हं," काका म्हणाले.