देवराव आणि कपडे वाळवण्याचे यंत्र

देवराव कोणतीही वस्तू वरून घेत नाहीत. गव्हाचे पोते आले की ते तळाशी हात घालतात. काडेपेटीसुद्धा गठ्ठ्याच्या खालची मागतात. एकदा आम्ही केळझरच्या गणपतीला सोबत गेलो होतो. पुजाऱ्याने लाडवांचे ताट पुढे केले. देवरावांनी वरचे लाडू बाजूला सारले, अगदी खालचा काढला आणि त्याचा वास घेतला. पुजारी पाहत राहिला. देवराव शांतपणे म्हणाले, "महाराज, तुमच्यावर शक नाई. पण पाहून घेतलेलं बरं."

ही सवय धंद्याची आहे. हिंगणघाटच्या बाजारात त्यांनी हयातभर कापूस खरेदी केला. गाडीतला वरचा कापूस पांढराशुभ्र असे आणि खालचा ओला असे. म्हणून देवराव गाडीत कोपरापर्यंत हात घालत आणि तळचा कापूस उपसून पाहत. "वरून पाह्याचं नाई. खालून हात घालाचा," हे त्यांचे पालुपद. धंदा सुटला, पालुपद राहिले.

वर्धेजवळ बोरगाव मेघेला आमची घरे शेजारी आहेत. मध्ये छातीएवढी भिंत आहे. मी वीजखात्यातून निवृत्त झालो, आणि माझ्याविषयीचे त्यांचे मत तेवढ्यावरच ठरले. मी त्यांच्या मीटरच्या दिशेने नुसते पाहिले तरी ते बाहेर येऊन मीटरसमोर उभे राहतात.

भाजीची हातगाडी घेऊन पार्वताबाई येते. तिच्या घरचीच बाडी, म्हणजे भाजीचा मळा, आहे. देवराव वांग्यांच्या ढिगात खालून हात घालतात आणि तळची वांगी काढतात. एकदा न राहवून ती म्हणाली, "काका, खालचे वांगे कालचे हायेत. वरचे आजचे. तुम्ही दररोज कालचेच नेता."

"अस्सं म्हणूनच तू वरचे खपवते," देवराव म्हणाले आणि कालची वांगी घेऊन गेले.

त्यांच्या पत्नी सुमनवहिनी अगदी वेगळ्या. त्यांना संशय घेण्याची गरज पडत नसे. त्या अंगणात उभ्या राहून वाळत घातलेले कपडे पाहत. "कोणाच्या घरी काय चालू हाय, ते मले दोरी सांगते," असे त्या म्हणत. कोणाकडे पाहुणे आले, कोण आजारी आहे, कोणती सून माहेरी गेली, हे त्या दोरीवरून ओळखत. आणि बहुधा बरोबर ओळखत. त्यांची स्वतःची दोरी पाहण्यासारखी असे. चादरींची टोके जुळलेली, लुगड्यांना एक सुरकुती नाही. मी सदरे खांद्यांतून टांगले म्हणून त्यांनी मला भिंतीपलीकडून विचारले होते, "काऊन जी भाऊजी, सदऱ्याले फाशी दिली का?" तेव्हापासून मी सदरे उलटे वाळत घालतो.

मागच्या हिवाळ्यात वहिनींना लकवा झाला. उजवे अंग गेले. त्या अंथरुणाला खिळल्या. भेटायला आलेल्यांना देवराव दारातच सांगत, "झोपली हाय." सकाळी झोपलेल्या, दुपारी झोपलेल्या, संध्याकाळीही झोपलेल्या. हळूहळू लोक येईनासे झाले. अंगणातली दोरी मात्र तशीच ताणलेली राहिली. तिच्यावर देवरावांचे एक धोतर आणि एक बंडी, याखेरीज काही दिसत नसे.

आणि मग त्यांनी कपडे वाळवण्याचे यंत्र आणले.

वाचकांनी वर्धेचा उन्हाळा पाहिला नसेल तर या गोष्टीतला वेडेपणा त्यांच्या लक्षात येणार नाही. इथे मे महिन्यात दोरीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिल्या टोकाचा कपडा वाळलेला असतो. अशा गावात, अशा महिन्यात, भाजीच्या ढिगात हात घालणाऱ्या या माणसाने विजेवर कपडे वाळवायचे ठरवले. यंत्र टेम्पोतून उतरले तेव्हा त्यावर गोधडी पांघरलेली होती. मागच्या पडवीत ते बसवले गेले. गरम हवा बाहेर टाकण्यासाठी भिंतीला भोक पाडून पत्र्याचा नळ काढला. त्याचे तोंड जमिनीकडे वळवलेले होते. जागा मात्र मधल्या भिंतीपलीकडच्या माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर. मी दुपारी तिथे सावलीत बसतो.

मला कारण दिसेना. कारण दिसत नसलेल्या गोष्टी मला आवडत नाहीत.

"बुढा नोटा वाळवत असन," पार्वताबाईने तर्क केला.

"नोटा ओल्या कशाने होतील?" मी विचारले.

"लपवल्या असन हौदात."

मी तिला गाडी पुढे न्यायला सांगितले. परंतु दुपारी नळाकडे पाहताना तो हौद माझ्या डोक्यातून जाईना. यंत्र दिवसातून अनेकदा चाले. दोन माणसांच्या घरात इतके कपडे येतात कोठून?

काही दिवसांनी यंत्र मध्येच थांबू लागले. ते शिट्टी वाजवी आणि पडद्यावर एक इंग्रजी अक्षर व एक आकडा दाखवी. हे मला कळले, कारण देवरावांच्या फोनला घरात आवाज येत नाही आणि ते भिंतीजवळ येऊन कंपनीशी भांडत.

"बाई, बिघाड असन तं मराठीत सांगा. नाईतं हिंदीत सांगा. हे अक्षर काऊन दाखवते?... गरम झाली? गरम होयाचंच काम हाय तिचं... नळ? नळाचं काय विचारून राह्यल्या तुम्ही? काई बिघडला नाई तो. नळ साजरा हाय."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "साहेब, आमच्या बाजारात पह्यले रुमालाखाली सौदा होत होता. दोघं दलाल रुमालाखाली बोटं दाबत. शेतकरी बाजूले उभा, पण भाव त्याले कळे नाई. हे अक्षर म्हणजे तोच रुमाल हाय. मशीन अन् कंपनी आपसात बोलून राह्यले. आपण शेतकरी."

हे विधान मला पटले नाही; पण खोडूनही काढता आले नाही.

कंपनीचा मेकॅनिक आला. देवरावांनी फाटकातच त्याचे नाव, गाव आणि मामाचे गाव विचारले. आत गेल्यावर त्याने यंत्राला हात लावण्याआधी नळ कुठे निघतो ते विचारले. एवढ्यावर देवरावांनी त्याला बाहेर आणले. "काका, पाहू तं द्या," तो फाटकातून म्हणत होता, "हवा कुठंतरी अडकून राह्यली. असंच चालवाल तं एखाद्या दिवशी पेट घेईन."

"पाह्यलं का साहेब?" तो गेल्यावर देवराव म्हणाले. "सारे नळाच्याच मागं लागले. याच्यात काईतरी हाय."

त्यात काहीतरी होते, याबद्दल आता माझीही खात्री झाली होती.

मे महिन्याच्या अखेरची ती दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. पलीकडून शिट्टी ऐकू आली. ती थांबली, पुन्हा वाजली, पुन्हा थांबली. देवराव यंत्र परत परत सुरू करत होते. मग जळका वास आला. मी उठून भिंतीशी गेलो, तोच देवराव दिसले. हातात ओल्या कपड्यांचा पिळा होता. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी घरात बोलावले नव्हते.

"साहेब, येता का जराक? तुम्ही करंटवाले हा."

दारात त्यांनी बजावले, "उजवीकडं पाहू नका."

मी पाहिले नाही. पडवीत जाऊन आधी यंत्राची वीज तोडली. पत्र्यावर हात ठेववत नव्हता. पडद्यावरचे अक्षर विझले होते. कपड्यांचे तंतू अडकण्याची जाळी काढून पाहिली. ती स्वच्छ होती. कापसाच्या माणसाने ती स्वच्छ ठेवली नसती तरच नवल.

"आता नळ पाहतो," मी म्हणालो.

"नळ साजरा हाय."

"देवराव, हवा निघत नाही. घराला आग लागेल."

"मी उभा राह्यतो ना इथं. पाण्याची बादली घेऊन उभा राह्यतो. तुम्ही फक्त मशीन चालू करून द्या."

"वरून पाहायचे नाही, असे तुम्हीच म्हणता."

मी बाहेर गेलो, नळाच्या तोंडाशी बसलो आणि खालून हात घातला. कोपरापर्यंत हात गेल्यावर काहीतरी मऊ लागले. ओढून काढले. उशीचा अभ्रा होता. त्यात रुई ठासून भरली होती आणि रुईत कापराच्या वड्या होत्या. अभ्रा ओला होता, गरम होता आणि एका अंगाने पिवळा पडला होता. ओला कापूस दाबून ठेवला की तापतो, हे देवरावांनी अख्ख्या हिंगणघाटला शिकवले असते. अशा कापसाच्या गाड्या त्यांनी बाजारातून परत धाडल्या होत्या.

"हे कोणी कोंबले?"

"मीनंच."

"का?"

भिंतीपलीकडे माझी रिकामी खुर्ची दिसत होती. देवराव तिच्याकडे पाहत होते. मग त्यांनी हातातला पिळा थोडा सोडला. ती चादर होती. पडवीत कोपऱ्यात बादलीत आणखी चादरी होत्या, लहान तुकडे केलेली लुगडी होती.

"दिवसातून किती डाव बदलाव्या लागते, त्याले काई हिसाब नाई," ते हळू आवाजात म्हणाले. "दोरीवर टाकू देत नाई ती. जनमभर लोकाच्या दोऱ्या वाचल्या तिनं. आता तिची दोरी कोणी वाचाची नाई, म्हणते. म्हणून मशीन आणली. तं म्हणे, वास भाऊजीकडं जाते. जात नाई साहेब, मी हुंगून पाह्यलं. पण तिले वाटते. मंग रुई भरली. म्हटलं, गादीतून हवा जातेच ना."

तेवढ्यात आतून आवाज आला. शब्द अर्धवट होते, तरी कळत होते. "कोण हाय?"

देवरावांचा चेहरा पडला. ते मोठ्याने म्हणाले, "कोणी नाई. मेकॅनिक हाय."

"त्याले चहा दे."

मी तोंड उघडले असते तर वहिनींनी आवाज ओळखला असता. देवरावांनी चहा केला. मी पडवीत यंत्राशेजारी उकिडवा बसून तो मुकाट्याने प्यालो. यंत्र थंड झाल्यावर वीज जोडली, चादर आत टाकली आणि कळ दाबली. पडद्यावर वेळ उमटली, अक्षर नाही. आम्ही दोघे तिथेच उभे राहिलो. यंत्र थांबेपर्यंत एकही शिट्टी झाली नाही. देवरावांनी चादर काढली, गालाला लावून पाहिली आणि टोके जुळवून घडी घातली.

निघताना मी घसा साफ केला आणि शक्य तितका निराळा आवाज काढून, आत ऐकू जाईल असे म्हणालो, "काका, नळ मोकळा ठेवजा. वास-बिस काई येत नाई बाहीर. मी पाह्यलं."

माझी वऱ्हाडी चांगली नाही. देवरावांनी खाली मान घातली.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची उचलून रस्त्याच्या बाजूला नेली. तिथे ऊन येते आणि धूळही येते. थोड्या वेळाने भिंतीवर देवराव दिसले.

"साहेब, खुर्ची काऊन हलवली?"

"तिथे डास आहेत."

"मे महिन्यात डास?"

त्यांनी खुर्चीकडे पाहिले, मग नळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "याच्यात काईतरी हाय," असे पुटपुटत ते आत गेले.

सायंकाळी पार्वताबाईची गाडी येऊन गेल्यावर ते पुन्हा आले. भिंतीवर वांग्यांची परडी ठेवली.

"घ्या. वरचे हायेत."

मी परडी घरात नेली आणि खालून हात घालून पाहिले. खालचीही ताजी होती.