लायसनवरचा पत्ता

बबनकाका महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ठरवून वाहतुकीचा नियम मोडत. हेल्मेट डिक्कीत टाकायचं, वर्धेच्या चौकात हवालदाराच्या अगदी नाकासमोरून मोपेड न्यायची आणि त्यानं शिट्टी वाजवायच्या आत आपणच थांबून लायसन पुढं करायचं. हवालदार वैतागून म्हणायचा, "जा ना काका आता!" तर हे अडून बसत. "जा कसा? लिहून घे. पत्ता बराबर लिहजो, गाव आंजी मोठी."

काका माझ्या दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहतात, एकटेच. खाली मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. "मोबाइलवरच दंड भरून टाकू," म्हटलं की चिडायचे.

"नोटीस येऊ दे पह्यले! लायसन घेतलं तवाच आपन कबूल केलं, का त्या पत्त्यावर कागद पोचला म्हंजे आपल्याले पोचला. कायदा हाये बाप्पा!"

नोटीस आली की स्वारी इस्त्रीचा शर्ट घालून आंजीला निघायची. नोटीस आणायला इस्त्री कशाला, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला काय जात होतं माझं!

मग लायसनची मुदत संपली. अर्ज भरताना माझे हात शिवशिवले. एवढा म्हातारा माणूस कागदापायी हेलपाटे घालतो! पुराव्याला भाडेकरार माझ्याकडंच होता. पत्ता बदलून खोलीचा टाकला. काकांनी न वाचताच सही केली आणि मी शाबासकीची वाट पाहत बसलो.

पुढची नोटीस पोस्टमननं थेट खोलीवर दिली. काका ती घेऊन खाली आले.

"हे इथं काऊन आलं?"

मी फुशारकीनं सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आंजीच्या घरी दादा हाये माया," ते हळूच म्हणाले. "वाटनीपासून बोलून नाई राह्यला. पन माया कागद आला का फोन करते. 'तुया कागद आला, घेऊन जाजो.' एवढंच. मंग मी जातो. वयनी चहा ठेवते. दादा तोंड फिरवून बसते, पन उठून जात नाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "काका, आजच पत्ता परत करतो! घर दादांच्या नावावर आहे ना? त्यांची संमतीची सही तेवढी आणा."

काकांनी नोटिशीची घडी घालून ती खिशात ठेवली.

"सही मागाले गेलो तं त्याले समजन ना," ते म्हणाले, "का घरातून मायं नाव मीच काढलं."