नगराध्यक्षांनी न सोडलेली काठी

द्रौपदाबाई लोंढेंना नगरपरिषदेने तीन वर्षांपूर्वी दिलेली पांढरी काठी अजून घरी आली नव्हती, कारण संकेतस्थळावरच्या छायाचित्रातल्या नगराध्यक्षांनी तिचं दुसरं टोक सोडलं नव्हतं.

वाटपाच्या कार्यक्रमात फोटो निघेपर्यंत वस्तू सोडायची नसते, ही रीतच आहे. नगराध्यक्षांनी काठी धरली, बाकीच्या तेरा मान्यवरांनीही तिला एकेक बोट लावलं. फोटो निघाला, माणसं जेवून घरी गेली आणि काठी छायाचित्रात राहिली. द्रौपदाबाईंनी अर्ज केला तेव्हा ‘साहित्य वितरणाधीन आहे’ असं उत्तर आलं. ते खोटं म्हणता येत नव्हतं.

द्रौपदाबाईंना जन्मापासून दिसत नव्हतं, पण त्यांचं अडत होतं ते बाजारात. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून जायचं म्हणजे सुनेला हवी तीच भाजी घ्यायची. सून गुणाची होती, पण बटाट्यापलीकडे तिची मजल जात नव्हती. द्रौपदाबाई अगदी विटल्या होत्या.

अशात वरून आदेश आला की संकेतस्थळ अंधांनाही वापरता यावं आणि प्रत्येक छायाचित्राखाली फोनला वाचता येईल असं वर्णन असावं. द्रौपदाबाई लगेच सुनेबरोबर कचेरीत गेल्या आणि तिला बाहेर बसवून संगणकावर काम करणाऱ्या तुषार माळवद्यांसमोर बसल्या.

तुषारने छायाचित्र उघडून नगराध्यक्षांना अदबीने विचारलं, “साहेब, काठी कधी सोडणार?”

“लाभार्थ्यांनी फोटो पाहिला की लगेच,” छायाचित्रातले नगराध्यक्ष म्हणाले. “त्यांनी अजून पाहिलेला नाही.”

मुद्दा बरोबर होता. तुषारने वर्णन लिहिलं आणि द्रौपदाबाईंच्या फोनने चौदा मान्यवरांची नावं पदांसकट एका दमात वाचली.

“आन् मी कुठं हाय?”

“मावशी, तुमच्यापुढं पुष्पगुच्छ आलाय. नुसत्या मुठी आणि हिरवं लुगडं दिसतंय. काठी धरलीय तुम्ही.”

“धरली न्हाई, वडतीय. तसं लिव्हा.”

“असं लिहिणं शोभत नाही,” नगराध्यक्ष म्हणाले.

“शोभायचं र्‍हाऊ द्या. खरं हाय का न्हाई?”

नगराध्यक्षांनी फोटोत शेजारी उभ्या असलेल्या उपाध्यक्षांकडे पाहिलं. उपाध्यक्षांनी, नेहमीप्रमाणे, नगराध्यक्षांकडे पाहिलं.

“खरं आहे,” नगराध्यक्ष शेवटी म्हणाले. “आणि माझाही हात भरून आलाय हो.”

तुषारने लिहिलं. फोन वाचू लागला: “पुष्पगुच्छामागे द्रौपदाबाई लोंढे, हिरव्या लुगड्यात. त्या काठी ओढत आहेत.”

द्रौपदाबाईंना एकदम भरून आलं. गावाने तीन वर्षं पाहिलेल्या फोटोत आपण आहोत, हे त्यांना आज कळत होतं.

“लुगडं जरीकाठाचं व्हतं,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “त्येबी घाला.”

तेही घातलं.

“दिसलं?” नगराध्यक्षांनी विचारलं.

“दिसलं.”

नगराध्यक्षांनी काठी सोडली. ती इतक्या झटक्यात बाहेर आली की द्रौपदाबाई खुर्चीसकट मागे सरकल्या. मग उठल्या, काठीने दार शोधलं, जिना शोधला, आणि सुनेला निरोपसुद्धा न देता निघून गेल्या.

वर्णन चित्राशी जुळलं पाहिजे, असा नियम होता. तुषारने ते दुरुस्त करून मंजुरीला पाठवलं: “चौदा मान्यवर हात पुढे करून उभे आहेत. काठी बाजारात गेली आहे.”