सुखदेवमामांची घंटी

आमच्या रिठदमध्ये जास्वंदीला घंटी टांगणारा माणूस एकच, माझे शेजारी सुखदेवमामा. वाशीम-रिसोड रस्त्यावर त्यांनी तीस वर्षं कंडक्टरकी केली. निवृत्त झाल्यावर भंगारवाल्याकडून बसची घंटी दोरीसकट आणली आणि अंगणातल्या जास्वंदीत अडकवली. दोरीचं दुसरं टोक खुर्चीच्या हाताला.

ती जास्वंद म्हणजे जंगलच होतं. माझ्या छपराच्या टिनांवर चढलेली, कंपाउंड ओलांडून अर्ध्या रस्त्यावर झुकलेली. पहाटे पाचपासून गल्लीतली माणसं पिशव्या घेऊन पूजेची फुलं तोडायला यायची. मामा आधीच खुर्चीत दबा धरून बसलेले. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एका देवाला एक फूल, गणपती असेल तर पाच, हा नियम.

ठण्ण!

"यमुने, हात बाहेर काढ! देव किती तुह्या घरी?"

"बारा, मामा."

"परवा त नऊ होते. हे तीन कोन्या स्टॉपवर चढले?"

"माह्या मायनं देल्ले."

"मंग फुलंयी मायच्याच घरून आन!"

एवढं बोलून बाराही फुलं स्वतःच तोडून द्यायचे. ठण् ठण्. पुढचा!

माझी खिडकी नेमकी त्या घंटीसमोर. मी शाळेत मास्तर. वर्गात पोरांपेक्षा मीच जास्त पेंगायचो.

थंडी सरता सरता मी मामांना गाठलं. म्हटलं, झाड म्हातारं झालंय, आत नुसत्या वाळक्या काड्या आहेत. गुडघ्याएवढं ठेवून बाकी सगळं छाटा, नवी फूट जोमानं येईल.

"गुडघ्याएवढं?" मामा म्हणाले. "मी त तीन हिस्स्यातला एकच काटत असतो. मंग फुलं कवा?"

"तीन-चार महिन्यांत."

"तीन-चार महिने." त्यांनी बोटांवर मोजले. "बरं. तुमी शिकेल मानूस. काटा."

मी सांगितलं ते सगळं खरं होतं. पण मला झाडाची काळजी नव्हती, मला सकाळी सातपर्यंत झोपायचं होतं. दुपारपर्यंत मी करवतीनं सगळं साफ केलं. मामांनी मला चहा दिला आणि पडलेल्या फांद्यांतून घंटी शोधून धोतरानं पुसली.

दोन दिवस मी सातला उठलो. तिसऱ्या दिवशी पाचलाच जाग आली. खिडकीतून पाहिलं, तर मामा खुर्चीत. धुतलेला सदरा, विंचरलेले केस, मांडीवर घंटी. समोर पाच-सहा खुंट. तेवढ्यात यमुनाबाई पिशवी घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या तगरीकडे निघाली.

"यमुने, सारे देव बरे हायेत ना?"

"हो मामा," म्हणत ती थांबलीही नाही.

मामांच्या घरात देव्हारा नाही. त्यांनी स्वतःसाठी कधी एक फूल तोडलेलं मी पाहिलं नव्हतं. मामी वारल्या, मुलगा पुण्याला. पंधरा वर्षं शेजारी राहून हे माझ्या त्या सकाळी लक्षात आलं. पुढे दोन आठवडे लाजेनं मी खिडकीच उघडली नाही. मग एका पहाटे पिशवी घेतली आणि खुंटांसमोर जाऊन उभा राहिलो.

ठण्ण!

"मास्तर, देव किती?"

"मामा, घंटीनं झोप नव्हती लागत मले. म्हणून सांगतलं होतं गुडघ्याएवढं."

"मले मालूम होतं. रोज तुमची खिडकी धाडकन लागे."

"मग काटू काहून देल्लं?"

"फुलं नेनारे गल्लीभर हायेत," मामा म्हणाले. "भिंतीले भिंत लागून शेजारी एकच. तोयी रुसला त?"

मामांनी वाकून एका खुंटावरचा हिरवा डोळा दाखवला. "हे पाहा, फुटून राह्यलं. आज काही भेटत नाही. रोज चक्कर मारत जा."

त्यांनी घंटीचे दोन टोले दिले. माझ्यामागे रांगेत कोणी नव्हतं. मी पायरीवर बसलो.