समितीचं फुल्ल

टेकडीवरच्या वसाहतीच्या आपत्कालीन वाहनाच्या दोन्ही टाक्या सदैव पूर्ण भरलेल्या असाव्यात, हा ठराव सर्वसाधारण सभेत एकमताने मंजूर झाला आणि त्यात आक्षेप घेण्यासारखं काहीही नव्हतं. वाहन डिझेलवर चालणारं होतं, चारही चाकांना जोर मिळणारं, आणि त्याच्या पोटाखाली दोन भल्यामोठ्या टाक्या होत्या. खडीचा तो चढ चढणं साध्या वाहनाच्या आवाक्यातलं नाही, असं रुग्णवाहिकेच्या कार्यालयाने कळवल्यावर सगळ्या घरांनी मिळून ते घेतलं होतं.

ठराव मांडला होता गुंडीच्या आईने. गुंडी तीन वर्षांची. तिच्या छातीत अधूनमधून शिट्टी वाजायची आणि ती वाजायच्या आतच आईला ऐकू यायची. आईचं शिक्षण कॉलेजपर्यंत झालेलं असल्यामुळे तिला काळजीसाठी विषय कमी पडत नसत. फोनची बॅटरी अर्ध्यावर आली की ती नवऱ्याला हाक मारी. नवरा म्हणे, "अगं, अर्धी आहे म्हणजे अजून अर्धी आहे ना!" त्यावर ती त्याच्याकडे अशी बघे, की तो मुकाट्याने चार्जर शोधायला लागे.

"गाडी आहे हो," ती सभेत उभी राहून म्हणाली होती, "पण ऐन वेळी टाकी रिकामी निघाली तर?"

सभेच्या काळजात चर्र झालं. फक्त अध्यक्षांचा चेहरा खुलला.

वसाहत समितीच्या या अध्यक्षांना सगळे भांडारकाका म्हणत. त्यांनी आयुष्यभर एका मोठ्या गोदामाचं भांडार सांभाळलं होतं. तिथून कधीच माल बाहेर गेला नाही असं नाही, पण जो गेला तो त्यांच्या मनाविरुद्ध गेला. त्यांच्या भांडारात तूट म्हणून निघाली नाही, कारण मागायला आलेला माणूस सहसा हात हलवत परत जाई. निवृत्तीनंतर त्यांना राखायला काहीच उरलं नव्हतं आणि ते दिवसेंदिवस खंगत चालले होते. या ठरावाने त्यांना धुगधुगी आली.

पहिल्या भरणीला भांडारकाका, ड्रायव्हर आणि ठरावाची सूचक म्हणून कडेवर गुंडीला घेतलेली तिची आई, असे सगळे टेकडीच्या पायथ्याशी पंपावर गेले. नळी खट्कन आपोआप बंद झाली तसा पंपवाला म्हणाला, "झाली फुल्ल."

"हे तुमचं फुल्ल," भांडारकाका म्हणाले. "आम्हाला समितीचं फुल्ल पाहिजे."

"काका, वर नुसता फेस आलाय."

"मग बसू दे की त्याला. आम्हाला कुठे घाई आहे?"

फेस बसला. पुन्हा थोडं गेलं, पुन्हा फेस आला. टाकीच्या कोपऱ्यात हवा अडकून राहते असं ड्रायव्हर चुकून बोलून गेला, तेव्हा सगळ्यांनी एका बाजूला लागून गाडी गदागदा हलवली. मग एका कुशीवर घेतली तर आणखी मावेल असं निघालं, म्हणून एका बाजूची चाकं दगडांवर चढवली. मागे रांगेत उभ्या असलेल्या लोकांनी आधी हॉर्न वाजवले, नंतर इंजिनं बंद केली, आणि शेवटी खाली उतरून तेही गाडी हलवायला लागले. सरतेशेवटी भांडारकाकांनी टाकीच्या तोंडात बोट घातलं. बोट ओलं झालं. गुंडीच्या आईचे डोळेही.

वर आल्यावर काकांनी पुन्हा बोट घातलं. बोट कोरडं.

"हे काय?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"काका, गाडी चालली म्हणजे डिझेल जळणारच."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

वाहन चालवल्याने इंधन कमी होतं, ही बाब ठरावाच्या वेळी सभेपुढे ठेवण्यात आली नव्हती. तातडीची बैठक झाली. भरायला खाली न्यावं तर वर येईपर्यंत कमी होतं, म्हणून डिझेलनेच वर यावं असं ठरलं. एका कॅनवाल्याला हे काम मिळालं. तो आपल्या खिळखिळ्या तीनचाकी टेम्पोतून रोज डिझेलचे कॅन घेऊन वर येई आणि टाकीच्या तोंडापर्यंत भर घालून खाली जाई. या चढावर साधं वाहन येऊ शकत नाही, हे त्याला कुणी कळवलं नव्हतं.

पुढे लक्षात आलं, की पहाटेच्या गारव्यात डिझेल आकसून बोटभर खाली जातं आणि दुपारच्या उन्हात फुगून टाकीबाहेर ठिबकतं. पहाटे कमी, दुपारी जास्त. समितीच्या दृष्टीने हा वाहनाच्या चारित्र्याचा प्रश्न होता. वर ताडपत्री बांधली, टाक्यांना ओली पोती गुंडाळली. ड्रायव्हरला पोत्यांवर पाणी मारायचं काम लागलं, आणि गाडी चालवण्यापेक्षा ते बरंच जबाबदारीचं आहे असं त्याने बायकोला सांगितलं.

पहिली आपत्ती आली ती कोपऱ्यावरच्या आजोबांच्या छातीत. त्यांना दोन्ही बाजूंनी धरून मागच्या सीटवर बसवलं. पण पहाटेची वेळ, टाकी बोटभर कमी. अशा वाहनातून आपत्तीला तोंड देणं म्हणजे ठरावाचा सरळसरळ भंग. कॅनवाल्याला बोलावून घेतलं. भर घातली. फेस आला.

"अहो, निघा ना आता!" आजोबांची सून रडकुंडीला आली.

"सूनबाई, वाटेत टाकी संपली तर जबाबदार कोण?"

गुंडीची आईही मान हलवत मनात म्हणाली, बरोबरच आहे. फेस हळूहळू खाली बसत गेला, आणि तो पुरता बसता बसता आजोबांनी एक खणखणीत ढेकर दिला. वायू होता. छाती मोकळी झाली. आजोबा स्वतःच्या पायांनी उतरून घरी गेले आणि त्यांनी पोहे मागितले, असं सुनेने नंतर सांगितलं.

समितीने या घटनेचा बारकाईने अभ्यास केला. रुग्ण वाहनात बसला, वाहन जागचं हललं नाही, रुग्ण बरा झाला, टाकी भरलेली राहिली. यातली कुठलीच गोष्ट खोटी नव्हती. तेव्हा वाहन हलवण्याची सक्ती कशासाठी? त्याच आठवड्यात ते कायमचं दगडांवर एका कुशीवर चढवण्यात आलं. इंजिन सुरू ठेवण्यातही डिझेल जातं, म्हणून किल्ली जानव्यासारखी कायमची भांडारकाकांच्या गळ्यात गेली.

गुंडीच्या आईला मात्र इतक्या महिन्यांत प्रथमच शांत झोप लागली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताडपत्रीखालचं ते अवजड धूड दिसे. पोळ्या लाटता लाटता ती मान वर करून एकदा बघून घेई. दोन्ही टाक्या भरलेल्या. आता गुंडीला काहीही होवो. म्हणजे, न होवो.

झालं ते भर दुपारी. गुंडी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. रचता रचता थांबली, आणि आईने हातातलं कणकेचं ताट तसंच टाकलं. शिट्टी नव्हतीच, नुसते खांदे वर-खाली होत होते. इन्हेलर दिला. थोडं थांबून पुन्हा दिला. ओठांचा रंग काही बरा दिसेना. नवरा खाली शहरात कामावर, फोनवर तो एवढंच म्हणाला, "गाडी आहे ना, गाडी काढ!"

ती पोरीला छातीशी धरून धावली. पायात चप्पल नव्हती. ड्रायव्हर पोती भिजवत बसला होता.

"दादा, काढा गाडी! लवकर!"

ड्रायव्हरने गुंडीकडे पाहिलं आणि त्याच्या हातातलं तांब्याभर पाणी स्वतःच्याच पायावर सांडलं. "ताई, मी आत्ता काढतो. पण किल्ली काकांकडे आहे."

काका आलेच होते. त्यांनी गुंडीच्या कपाळावर हात ठेवला. माणूस दुष्ट नव्हता; त्याने नुसतं भांडार सांभाळलं होतं.

"पोरी, ठराव तुझाच आहे. तूच मोडणार?"

"काका, तिला श्वास घेता येत नाहीये!"

"दिसतंय मला. आणीबाणी आहे, मान्य आहे. पण ही शेवटची आहे का, ते सांग."

"म्हणजे?"

"उद्या याहून मोठी आली तर? ही गाडी खाली गेली, टाकी कमी झाली, आणि त्याच वेळी याहून मोठी आणीबाणी आली, तर मी लोकांना काय तोंड दाखवू?"

"काका, माझ्यासाठी याहून मोठी कुठली असणार?"

"हे प्रत्येकालाच वाटतं गं," काका कळवळून म्हणाले. "म्हणून तर नियम लागतो. तू असं कर, तिला घेऊन आत बस. आजोबांना गुण आला होता."

आणि ती बसली. हे पुढे तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही, पण ती खरंच एका कुशीवर कललेल्या त्या गाडीत चढून मागच्या सीटवर बसली. घसरू नये म्हणून एका हाताने दाराची मूठ धरली आणि कुणीतरी आता फेस बसेल म्हणेल, निघू म्हणेल, अशी वाट पाहिली. समोर टाकीचा काटा दिसत होता. किल्लीशिवाय तो तळाला पडलेला होता. गुंडीच्या निळसर नखांकडे लक्ष गेलं तेव्हा ती भानावर आली.

तेवढ्यात खडखडत कॅनवाला वर आला. गुंडीच्या आईने गाडीतून उडीच मारली. "दवाखान्यात चला!"

"आधी कॅन उतरवून घ्या," काका ओरडले.

कॅनवाल्याने एकदा पोरीकडे पाहिलं आणि कॅन काकांच्या पायाशी धडाधड लोटून दिले. टेम्पो वळला. आई पोरीला उभी धरून पुढच्या फळकुटावर बसली होती, आणि इतक्या धास्तीतही तिची नजर सवयीने काट्यावर गेली. तो लाल खुणेच्याही खाली लोळत होता.

"अहो, टाकी रिकामी आहे तुमची!"

"कायमच असते, ताई. घट्ट धरून बसा." त्याने इंजिन बंद करून टेम्पो उतारावर सोडून दिला. "उताराला कशाला लागतंय डिझेल?"

दवाखान्यात गुंडीच्या नाकातोंडावर मास्क लावून औषधाची वाफ दिली. हळूहळू खांदे खाली आले. ओठांचा रंग परतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी उशीर केला असता तर अवघड होतं. गाडी मिळाली नाही का?" गुंडीच्या आईने मास्कची पट्टी सारखी केली. गाडी मिळाली होती.

पुढच्या सभेत भांडारकाकांनी अहवाल वाचला. वसाहतीवर एक खरीखुरी, गंभीर आपत्ती येऊन गेली आणि तिच्यात वाहनातलं डिझेल थेंबानेही कमी झालं नाही. सज्जतेच्या या पहिल्या कसोटीला वाहन पुरेपूर उतरलं होतं. टाळ्या पडल्या. ड्रायव्हरचा शाल देऊन सत्कार झाला.

मग शेजारची ताई उभी राहिली. तिचं बाळ सहा महिन्यांचं, सारखं खोकायचं. "गुंडीचं झालं तसं उद्या माझ्या बाळाचं नको व्हायला," ती म्हणाली. "आजारी माणूस असेल तर गाडी काढायलाच हवी. टाकी कितीही असो. मी तसा ठराव मांडते."

सगळ्यांच्या नजरा गुंडीच्या आईकडे वळल्या. अनुमोदन द्यायचा हक्क कुणाचा असेल तर तो तिचाच होता. काकांनीही गळ्यातली किल्ली मुठीत घट्ट धरली.

गुंडी आईच्या मांडीवर झोपली होती. आईने नेहमीसारखा तिच्या पाठीला कान लावला. छाती स्वच्छ होती. आज तरी. पण पुन्हा होणार होतं. डॉक्टरीणबाई तसं म्हणाल्या होत्या. आणि शेजारचं बाळ तर रोजच खोकतं. रोज खोकलं तर गाडी रोज खालीच. मग आजोबांना वायू होणार, कुणाचा पाय मुरगळणार. ज्या दुपारी गुंडीचे खांदे पुन्हा वर-खाली व्हायला लागतील, त्या दुपारी गाडी दुसऱ्याच कुणाला तरी घेऊन गेलेली असेल, नाहीतर ताडपत्रीखाली अर्ध्या टाकीवर उभी असेल. अर्ध्या!

"अनुमोदन?" काकांनी विचारलं.

शेजारची ताई तिच्याकडे बघत होती. गुंडीच्या आईने फरशीकडे पाहिलं.

"बरं. विरोधात कोण?"

पहिला हात तिचाच वर गेला. गुंडीची झोप मोडू नये म्हणून अगदी हळू. मग एकेक करून बाकीचे. प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी होतं, आज ठणठणीत असलेलं, उद्या आजारी पडणारं. सगळ्यात शेवटी शेजारच्या ताईने आपल्या बाळाकडे पाहिलं. ते त्या वेळी खोकत नव्हतं. तिनेही हात वर केला.

ठराव एकमताने फेटाळला गेला. वाचकहो, तुम्हीही आता हात खाली घ्या. मोजणी झाली आहे.