लिलीला सिंगल, पामला डबल

आमचे शेजारी दामूअण्णा कुणाच्या घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, कुंड्यांकडे बघतात. चपला दारात, हात पाठीमागे, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "घरात चार पायांचं कोण हाय?" कुणी नसेल तर चहा पिऊन गुमान निघून जातात. पण कुत्रं-मांजर असेल तर झालंच! एकेका झाडाची झडती सुरू.

अण्णा जन्मभर एस.टी.त कंडक्टर. श्रीवर्धन डेपोतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी घंटीची दोरी काही हातातून सुटलेली नाही. जनावराला निर्धोक झाड दिसलं की म्हणतात, "डबल!" म्हणजे दोन घंट्या, जाऊ दे गाडी. विषारी दिसलं की, "सिंगल." म्हणजे थांबा, ह्याला आधी उतरवा.

माझ्याकडे ठकी नावाची मांजर. त्यामुळे माझं घर अण्णांच्या कायमच्या रूटवर.

"मनीप्लँट सिंगल. मांजरानं चावला की तोंडाची आग आग होते, लाळ गळते."

"बरं. आणि कोरफड?"

"सिंगल."

"अहो अण्णा, कोरफड औषधी असते!"

"तुम्हाला. तिला न्हाय."

"मग घरात काय प्लास्टिकची फुलं लावू?" मी तडकलेच. मुळात मी तापट, त्यात शाळेच्या ऑफिसात दिवसभर पालकांशी भांडून आलेली.

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः तीन कुंड्या घेऊन हजर. एकीत नेचा, एकीत स्पायडर प्लँट आणि तिसरीत अरेका पाम. आता मला सांगा, आमच्या मागच्या वाडीत शंभरभर पोफळी उभ्या, सुपारी वाळत घालायला अंगण पुरत नाही, आणि दिवाणखान्यात कुंडीत पोफळीचीच नात? येणारा-जाणारा हसायला लागला. अण्णांना त्याचं काही नाही. म्हणाले, "भायेरची पोफळ पोट भरते, ही घर भरते. डबल!"

कोपऱ्यावरच्या होमस्टेवाल्या बाईंनी तर अण्णांचा धसकाच घेतला होता. त्यांच्या दारात सायकसच्या दोन दिमाखदार कुंड्या होत्या. अण्णा म्हणाले, "पाटीवर लिवलंय पाळीव प्राण्यांचं स्वागत, आणि दारात कुत्र्याचं मरण ठेवलंय!" बाई ऐकेनात. अण्णा दोन दिवस त्यांच्या पायरीवर ठाण मांडून बसले आणि कुत्रा घेऊन येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सायकसचं बी दाखवत राहिले. तिसऱ्या दिवशी कुंड्या गेल्या. अण्णांनी त्या संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते. माझ्या पन्नाशीला भाचा पनवेलहून लिलीचा गुच्छ घेऊन आला. पांढरीशुभ्र, टपोरी फुलं. अण्णा बघतील तर बाहेर फेकतील, म्हणून मी तो आतल्या खोलीत लपवला. पन्नास वर्षांच्या बाईनं स्वतःच्या घरात फुलं ठेवायलाही परवानगी काढायची का? आणि ठकी त्या वेळी पोटुशी होती, सारखी झोपून असायची. ती कशाला जातेय तिथं, असं मी मनाशी म्हटलं.

अण्णा शिरा खायला आले. ठकी आतून आली आणि त्यांच्या पांढऱ्या लेंग्याला अंग घासून गेली. लेंग्यावर पिवळट-केशरी भुकटी लागली. अण्णांनी ती बोटानं पुसून बघितली आणि बशी खाली ठेवली.

"ताई, लिली कुठं ठेवलीय?"

मी नुसतं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. दोन पानं कुरतडलेली होती. अण्णा "सिंगल"सुद्धा म्हणाले नाहीत.

त्यांनी ओल्या फडक्यानं ठकीच्या मिशी-पंज्यांवरचे लिलीचे पराग पुसले, तिला टोपलीत घातलं आणि रस्त्यावर येऊन शिट्टी फुंकली. जुनी, कंडक्टरची. समोरून येणारी म्हसळ्याची एस.टी. जागच्या जागी थांबली. गुरांचे डॉक्टर त्या दिवशी तिकडेच होते.

"अण्णा, मांजर?" कंडक्टरनं डोळे मोठे केले.

"पोटुशी बाय हाय. पुढची शीट द्या."

आणि दिली हो लोकांनी! तीन दिवस ठकीला सलाईन चाललं. अण्णा दवाखान्याच्या बाकावरून हलले नाहीत. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "वाचली. पोटातली पिल्लंही ठीक आहेत. लगेच आणलीत म्हणून." येताना तोच कंडक्टर भेटला. त्यानं घंटीची दोरी अण्णांच्या हातात दिली. टण टण! अख्ख्या गाडीनं टाळ्या वाजवल्या. मी मात्र पदर डोळ्यांना लावून बसले होते.

ठकीला तीन पिल्लं झाली. पिल्लं दूध सोडून खायला लागली, तेव्हा एक पिल्लू पदरात घेऊन मी अण्णांकडे गेले. इतक्या वर्षांत त्यांच्या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकलं. खोलीभर हिरवंगार, पाम, नेचे, स्पायडर. कोपऱ्यात एक छोटी वाटी, घासूनपुसून पालथी घातलेली.

मी हात मागे बांधले. "घरात चार पायांचं कोण हाय?"

"न्हाय कोण," अण्णा म्हणाले. "होती, चिमी. आमची ही गेल्यावर दारात वाट बघणारी तीच एक. रिटायर झालो तवा डेपोतल्या मंडळींनी गुच्छ दिला. लिलीचा. मी मिरवत आणला नि पाण्यात ठेवला. चिमी वकायला लागली, मला वाटलं मासळी बाधली. तिसऱ्या दिवशी गेली. माझ्याच हातानं ठेवला होता, ताई."

मी एकेका कुंडीपुढे उभी राहिले. "पाम, डबल. नेचा, डबल. स्पायडर, डबल." आणि पिल्लू खाली सोडलं.

"नको ताई. माझ्या हातून परत काय झालं तर?"

पिल्लू तुरुतुरु गेलं ते थेट पामकडे, आणि खालचं पान त्यानं कचकन चावलं. अण्णा धावले, गुडघ्यावर बसले, हात पुढे केला आणि तसाच थांबवला. मग हसले. हसता हसता डोळे भरून आले त्यांचे.

"चाव गो बाय, चाव," ते म्हणाले. "सहा वर्सं तुझ्यासाठीच तर पाणी घालतोय."